बाबांच्या हातची सुरी

प्रिय आई-बाबांना रिस्तेनचा हिवाळी कुरणावरून नमस्कार.

आम्ही दोघं भावंडं बरी आहोत. तंबू उबदार आहे, वाळवलेलं मांसही पुरेसं आहे. आईचा खोकला कसा आहे? बाबा, तुमच्या हाताची थरथर कमी झाली का?

नाताळाआधी इथे बर्फावर पाऊस पडला आणि सगळं काचेसारखं गोठलं. खालचं शेवाळ रेनडिअरना खुरांनी उकरताच येत नाही. म्हणून तुम्ही केलेल्या मोठ्या सुरीने मी आणि योव्ना शेवाळ धरलेल्या फांद्या तोडून त्यांना घालतो. धार अजून तशीच आहे, काळजी करू नका. पण फांद्या पुरत नाहीत.

परवा तुमचा पांढरा रेनडिअर खाली बसला तो उठलाच नाही. घसरगाडी ओढायला तुम्हीच शिकवलं होतं त्याला.

योव्ना म्हणाला, "ताई, तू तंबूत जा. मी उरकतो."

"तू त्याला धर. दे ती सुरी इकडे," मी म्हटलं.

एकाच घावात गेला, बाबा. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता.

कळपात किती उरले ते विचारू नका. योव्ना आता खाणीत काम शोधायचं म्हणतो. मला त्याला नको म्हणवलं नाही.

आपल्या धाकट्या एल्लेच्या बाळाला भेट म्हणून सुरी करायला घेताय, मुठीला एखादं चांगलं शिंग पाठव, असं तुम्ही लिहिलं होतं. गाडीभर पाठवते आहे. यंदा शिंगांना तोटा नाही.

जपून राहा.

तुमची,
रिस्तेन