रांजणाच्या कानावरचा सूर्य

आई, सध्या मी एका म्युझियमच्या तळघरात काम करते. टेम्पररीच. जुन्या फुटक्या रांजणांचे कान फोममध्ये गुंडाळून खोक्यांत भरायचे. कान म्हणजे कपाला असतो तसा, पण चांगला दांडगा. याआधी रेडमंडला कॅफेत होते, त्याआधी कुठे ते जाऊ दे, नाहीतर तू विचारशील, "आणि कॉलेजचं काय गं?" तर हे कान. रांजण दारूचे, ग्रीसच्या एका बेटावरून जहाजांनी देशोदेशी जायचे. माती ओली असतानाच कानावर शिक्का मारायचे, माल कुठला ते कळावं म्हणून. काही शिक्क्यांत त्यांच्या सूर्यदेवाचं तोंड असतं, भोवती किरणं. नाक झिजलंय, पण केस काय कुरळे आहेत!

आमची सुपरवायझर बाई आज सांगत होती, दारू संपली की रांजण सरळ उकिरड्यावर. "देवासकट?" मी विचारलं. "देवासकट." आणि मला एडिसन गावातलं आपलं जुनं किचन दिसलं. तू कात्री घेऊन बसली आहेस, समोर आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेली तांदळाची पिशवी आणि उदबत्तीचे रिकामे पुडे. गणपती कापून बाजूला, लक्ष्मी कापून बाजूला, उरलेलं कचऱ्यात. मी वैतागून म्हणते, "इट्स जस्ट अ पॅकेट, यार!" तू वर न बघता म्हणतेस, "आईला यार? पॅकेट असेल, पण वर हा बसलाय ना? त्याला काय कांद्याच्या सालींत टाकू?" आणि तो गणपती माझ्या गणिताच्या पुस्तकात सरकवतेस. "राहू दे तिथे. तुला गरज आहे."

हे मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तर ठीक होतं. पण मी तुझी नक्कल केली. मान डोलावत, जाड आवाजात, "दिस इज गॉड, नो? हाऊ आय विल थ्रो?" तू असं कधी म्हणाली नव्हतीस. तू मराठीत बोलत होतीस, आणि तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा नीट होतं. सगळे खदखदून हसले. सुपरवायझर बाई तेवढी हसली नाही. "तुझी आई तिथे असती, तर यातला एकही देव उकिरड्यात गेला नसता," ती म्हणाली. मी तिथेच थांबायला हवं होतं. कुणीतरी म्हणालं, पुन्हा कर ना, आणि मी पुन्हा केली. जास्त मान डोलावून.

तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. हे पत्र कुठे जाणार नाहीये, म्हणून हेही लिहिते. खोलीवर आल्यावर दार लावून मी तुझा आवाज काढून पाहिला, या वेळी मराठीत, हळू, चेष्टा न करता. तो तुझा नव्हता. तुझा कसा होता, ते मला आता आठवत नाही.