पाटीवरचा ओला रंग

गुरुवार, १४ डिसेंबर २००६
वसई

मेहुणा वसंत आज कामणच्या गोदामात घेऊन गेला. पाटीवरचे ‘ट्रेडर्स’ पुसून ‘इंडस्ट्रीज’ रंगवलेले. निळा रंग अजून ओला. आत विकत आणलेल्या बादल्यांचे ढीग, कोपऱ्यात एक यंत्र.

“भावोजी, लघुउद्योगाची नोंदणी ताईच्या नावाने करू.”

“नुसत्या खरेदी-विक्रीला ती मिळत नाही. इथे बनते काय?”

“तुम्ही म्हणजे अगदी इन्स्पेक्टर! मशीन काय पूजेला ठेवलंय?”

पूजेलाच असावे, त्याला वायरच नव्हती. पण नाव हिचेच का? खोटे उघडे पडले, तर सही करणाराच अडकणार.

घरी येताच हिला बजावले, “कशावरही सही करू नकोस.”

ही चहा ठेवायला वळली. पदराच्या काठाला तोच निळा रंग लागला होता.