पौर्णिमाचे पान काढण्यासाठी माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, धामणखेड,
जि. अमरावती.

अर्जदार : जानराव सुखदेव दातीर, अध्यक्ष, कु. पौर्णिमा दातीर स्मृती बालवाचन प्रतिष्ठान, मु. पो. बोरव्हळ.

विषय : जिल्हा परिषद शाळा, बोरव्हळ येथील ग्रंथालयाच्या पुस्तकांतून मयत कु. पौर्णिमा हिच्या फोटोचे पान काढण्याकरिता आपल्या कार्यालयाकडून एक माणूस मिळणेबाबत.

संदर्भ : १) पान काढण्याबाबत आपले परवानगीपत्र. २) पुस्तकांचे कपाट केंद्रशाळेस हलविण्याबाबत आपलीच सूचना. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, जे साहेबांच्या टेबलावर असतील किंवा नसतील.

महोदय,

१. अर्जदार आपणांस सविनय कळवितो की, वरील विषय वाचून म्हातारा चळला, असे साहेबांना वाटण्याचा संभव आहे. कार्यालयातील बाबूंना तसे वाटलेच. अर्जदार चळलेला नाही. अचलपूर-अमरावती एस.टी. गाडीवर तिकिटे फाडण्यात त्याची उभी हयात गेली असून, गाडीत भांडणारी माणसे निवविण्याची सवय असल्याने तो स्वतः सहसा तापत नाही. परंतु आता त्याचा नाइलाज झालेला आहे. नाइलाज झालेल्या माणसाने सरकारकडे जाऊ नये तर जावे कुठे?

२. अर्जदाराची मुलगी कु. पौर्णिमा ही याच शाळेत शिकली. तेव्हा शाळेत गोष्टीचे पुस्तक औषधालाही नव्हते. पोरीला वाचनाची भारी हाव. अर्जदार परतवाड्याहून भजी आणी, तर घरचे सगळे भज्यांवर तुटून पडत आणि ही खालचा तेलकट कागद ओढून नेई. फाटक्या कागदावरची अर्धी बातमी वाचून मग बापालाच विचारी, "बाबा, याचं पुढं काय झालं?" बापाला काय ठाऊक? तो म्हणे, "झालं असन काई बरंच. झोप आता."

पुढे ती बार्शीटाकळीकडे शिक्षिका झाली. पिशवीभर पुस्तके घेऊन वर्गात जाई आणि पोरांना घरी न्यायला देई. सुटीत बोरव्हळला आली की तिचे एकच टुमणे असे. "बाबा, आपल्या शाळेत एक कपाटभर पुस्तकं पाह्यजेत. आन् कपाटात नाई राह्यली पाह्यजेत, पोट्ट्यायनं घरी नेली पाह्यजेत. उशाशी घेऊन झोपले पाह्यजेत पोट्टे." अर्जदार म्हणे, पाहू. मागच्या वर्षी तापाचे निमित्त होऊन ती अकोल्यास दवाखान्यात वारली. याविषयी अर्जदारास अधिक लिहवत नाही, आणि साहेबांच्या कामाचेही ते नाही.

३. सबब अर्जदाराच्या कुटुंबाने असे ठरविले की, पौर्णिमाच्या तेरवीला गावाची पंगत न घालता शाळेला पुस्तके द्यावीत. आमच्याकडे तेरवीची पंगत बुडविणे म्हणजे काय, हे साहेबांनी कोणालाही विचारावे. दातीराने तेरवी कोरडी केली, असे लोक तोंडावर बोलले. अर्जदाराने ऐकून घेतले. त्याच सुमारास वर नमूद प्रतिष्ठान रीतसर नोंदविण्यात आले. अध्यक्ष अर्जदार, सचिव अर्जदाराची पत्नी मैनाबाई, कोषाध्यक्ष मुलगा गजेंद्र. विश्वस्त कमी पडू लागले म्हणून अर्जदाराच्या साळ्यास घेतले, तो आजवर एकाही सभेस जेवणाच्या आधी आलेला नाही. असे हे घरचेच प्रतिष्ठान आहे, पण पुस्तके अमरावतीहून एकेक निवडून आणली. पौर्णिमाच्या पिशवीत जी होती, ती तर आवर्जून आणली.

४. आता चूक कुठे झाली ते अर्जदार लपवीत नाही. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानाआधी पौर्णिमाच्या फोटोचे एक पान लावावे, असे सर्वानुमते ठरले. गजेंद्रने अकोल्याच्या छापखान्यात काम दिले. छापखानेवाल्याकडे तिच्या तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर तयारच होता. त्याने तोच वापरला. काळी चौकट, फोटोला हार, जन्म, मृत्यू आणि खाली "शोकाकुल, समस्त दातीर परिवार". अर्जदाराने स्वतः नमुना पाहिला आणि लेकीचा फोटो उत्तम उठला म्हणून मान हलविली. डोळ्यांत पाणी असले की माणूस चौकट पाहत नाही, साहेब. पाने पक्क्या गोंदाने चिकटविली, तीही घरच्या घरी, सगळ्यांनी मिळून.

५. साहेब सांगलीकडचे आहेत असे कळते, म्हणून खुलासा करतो. आमच्याकडे तेरवीची पत्रिका घरात ठेवीत नाहीत. दारात वाचायची आणि तिथेच फाडून टाकायची. घरात राहिली तर मरण पाठोपाठ येते, असे मानतात. खरे-खोटे अर्जदार सांगू शकत नाही, पण त्यानेही जन्मभर पत्रिका दारातच फाडल्या. आता शाळेतून पोरगं हरखून पुस्तक घेऊन घरी येते, आई उघडते, आणि पहिल्यांदा दिसते ती तेरवीची पत्रिका. आई ती फाडू म्हणते, तर पोरगं रडते की सर मारतील, पुस्तक सरकारी हाये. मग पुस्तक घरात येत नाही आणि पानही फाटत नाही.

चौथीतल्या दीक्षाची आई अर्जदाराच्या घरी येऊन म्हणाली, "मामाजी, पौर्णिमाताई आमाले काई परकी नोती. पन मले एकच लेकरू हाये, काहून जोखीम घेऊ मी?" दीक्षाने पुस्तक रात्रभर बाहेर ओट्यावर ठेवले, तर सकाळी बकरीने सशाची गोष्ट अर्धी खाल्लेली होती. ससा पुढे कुठे गेला हे त्या पोरीला अजून कळलेले नाही. असे दोन-चार घरी घडल्यावर मुख्याध्यापक श्री. मोहसीन सर यांनी पुस्तके घरी देणे बंद केले. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे.

६. अर्जदार हात बांधून बसलेला नाही. त्याने फोटोवर खाकी कागद चिकटवून पाहिला. पोरांनी नखाने उकरून काढला, आत कोण आहे ते पाहायला. जिथे उकरला नाही तिथे आयांनी पान उन्हात धरले आणि म्हणाल्या, मंधात हायेच ना थे. अर्जदाराने गावात महाराजांकडून सांगवून पाहिले की पुस्तकाला सुतक लागत नसते. महाराजांनी छान सांगितले. त्यांच्या नातवाने मात्र पुस्तक नेले नाही.

७. शेवटी पान काढणे हाच उपाय उरला. मोहसीन सर म्हणाले, पुस्तके शाळेच्या साठ्यात चढली आहेत, आता ब्लेड लावायला वरची परवानगी लागेल. अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केला. उत्तर आले की, दात्याची लेखी संमती जोडावी. कपाटावर "कु. पौर्णिमा दातीर यांजकडून" असे रंगविलेले असल्याने दाता म्हणजे पौर्णिमाच. ती मयत असल्यामुळेच हे सर्व घडले आहे, असे अर्जदाराने नम्रपणे कळविले व मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर वारसांची संमती मागण्यात आली. आईबापांनी मुलीचे वारस म्हणून सह्या केल्या. अशी सही करण्याची वेळ कोणावर येऊ नये. त्यानंतर सदर पान पुस्तकाचा भाग आहे किंवा कसे, यावर वरिष्ठांचा अभिप्राय मागविला गेला आणि त्यात सगळा पावसाळा गेला.

अखेर परवानगी मिळाली. उपकार मानतो. अटी अशा की, पान दात्याच्या वारसाने किंवा आपल्या कार्यालयाच्या कर्मचाऱ्यानेच काढावे, दुसऱ्या कोणी पुस्तकास हात लावू नये, आणि काढलेली सर्व पाने मोजून कार्यालयात जमा करावीत. पण त्याच आठवड्यात आपल्याच कार्यालयातील दुसऱ्या टेबलाची सूचना आली की, बोरव्हळचे कपाट वापरात नाही, तरी दिवाळीच्या सुट्टीत ते केंद्रशाळेस हलवावे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी अर्जदाराची गत झाली. कपाट गेले तर बोरव्हळच्या पोरांना पुन्हा भज्यांचा कागद.

यापुढे परिच्छेदांना क्रमांक टाकणे अर्जदारास सुचत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्जदार व गजेंद्र शाळेत गेले. निघताना मैनाबाईला विचारले. ती म्हणाली, "फाडून टाका. पोट्टे वाचतीन तं तिचंच नाव होईन." तिने ब्लेडही स्वतःच दिले. मोहसीन सरांनी टेबल पुसून ठेवले होते. पहिले पुस्तक हत्तीच्या गोष्टीचे निघाले. अर्जदाराने पान उघडले.

साहेब, तो फोटो अंजनगाव सुर्जीच्या स्टुडिओत काढलेला आहे. स्थळाला दाखवायला म्हणून काढला होता. फोटोवाला सारखा म्हणे, ताई, थोडं गंभीर व्हा, आणि हिला जास्तच हसू येई. शेवटी हसतानाचाच घेतला. स्थळ आले नाही, फोटो तेवढा कामी आला, आणि तोही असा.

अर्जदाराने पट्टी ठेवली आणि ब्लेड ओढले. गोंद पक्का, पान सरळ निघेना. जोर लावला तसे आडवे फाटले. कपाळ पुस्तकात राहिले आणि हसू अर्जदाराच्या हातात आले. जन्मभर तिकिटे फाडलेला हात आहे हा, चालत्या गाडीत, खड्ड्यांच्या रस्त्यावर. पण त्यानंतर तो उचललाच गेला नाही. अर्जदार टेबलाशी रडला, हेही नमूद करतो, कारण लपवून काय उपयोग?

गजेंद्र पुढे झाला. त्याने दुसरे पुस्तक उघडले, बहिणीकडे पाहिले, ट्रॅक्टर रस्त्यात उभा हाये म्हणाला आणि निघून गेला. ट्रॅक्टर घरी होता. मग मोहसीन सर म्हणाले, "द्या इकडे, जानरावभाऊ." अटीचा भंग होत आहे हे त्यांना माहीत होते. त्यांनी पट्टी ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पट्टी बाजूला सारली. "माफ करा भाऊ, मले नाई जमत. घरी नगमा हाये माह्या." नगमा ही त्यांची मुलगी, अमरावतीला शिकते.

मग अर्जदाराने दीक्षाच्या आईलाच बोलावून घेतले. म्हटले, पान तुमालेच नको ना, तं तुमीच काढा. बाई तरातरा आली. ब्लेड घेतले. फोटो पाहिला आणि तोंडाला पदर लावून खाली बसली. "मामाजी, मले सही कराले तिनंच शिकोलं हो. मी कशी चालवू तिच्यावर ब्लेड?" म्हणजे घरात पान चालत नाही आणि पानावर हात चालत नाही. वारस म्हणून सही नसलेला गजेंद्र धरून अटीचा भंग तीनदा झाला, परंतु त्यातून निष्पन्न काहीच न झाल्याने तो माफ व्हावा. सगळी पुस्तके पुन्हा कपाटात ठेवली आहेत आणि कुलूप लावले आहे.

गावात पौर्णिमाला न ओळखणारा माणूस नाही, ही अर्जदाराची खरी अडचण आहे. एरवी तिचा त्याला अभिमान वाटे. बाहेरचा मजूर लावावा तर परवानगीत बसत नाही. तेव्हा साहेबांनी आपल्या कार्यालयातून कोणीही एक माणूस दिवाळीच्या आत पाठवावा. शिपाई चालेल, बाबू चालेल, नुकता लागलेला उमेदवारही चालेल. त्याच्या जेवणाची व येण्याजाण्याची सोय प्रतिष्ठान करील. काम चालू असताना अर्जदार शाळेच्या आवारात थांबणार नाही. आणि तो माणूस येऊन जाईपर्यंत कपाट हलवू नये, एवढी मेहेरबानी व्हावी.

माणूस निवडताना एकच पाहावे. त्याला मुलगी नसावी. असली तर काम पहिल्याच पुस्तकावर अडेल आणि पुन्हा अर्ज करण्याचे बळ अर्जदारात नाही. साहेबांनी मोठ्या मनाने स्वतः येण्याचे ठरविले तर बोरव्हळ धन्य होईल, परंतु साहेबांनाही मुलगी असल्यास त्यांनी येऊ नये.

कपाटाची किल्ली मोहसीन सरांकडे आहे. ती मागितल्याबरोबर मिळेल.

आपल्या माणसाची वाट पाहत असलेला,
आपला नम्र,

(सही)
जानराव सुखदेव दातीर
बोरव्हळ, दि. ७ ऑक्टोबर २०२५

सोबत : १) परवानगीपत्राची छायांकित प्रत.
२) कपाट हलविण्याच्या सूचनेची छायांकित प्रत.
३) काढलेले पान (अर्धे), नग एक, अटीप्रमाणे जोडावयाचे होते. ते जोडलेले नाही. अर्जदाराच्या पत्नीने ते घरात ठेवून घेतले आहे व मागूनही देत नाही.