दहावा शब्द

वरोरा,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. माझलआत्यांस,
एझ्राचा शालोम व सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून पत्रच बरे. माझे पाट्या रंगवायचे व नंबरप्लेटचे दुकान ठीक चालले आहे. शाळा दहावीत सुटली, पण आजवर माझ्या एकाही पाटीत चूक निघालेली नाही, हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहितो.

बाबांना जाऊन आपल्या पंचांगाने १९ जानेवारीला वर्ष होते. त्या दिवशी घरी त्यांच्यासाठी कद्दीश, गेलेल्यांच्या नावाची प्रार्थना, म्हणायचा आहे. कद्दीशला आपल्या ज्यू लोकांतले दहा पुरुष हवेत आणि इथे आपले घर एकटेच. बाबांची जाड वही तुम्हाला आठवत असेल. देशातली सगळी सिनेगॉग आणि मुलांचे हिब्रू वर्ग त्यांनी पत्त्यांसह त्यात उतरवले होते आणि प्रत्येकापुढे, दहा माणसे जमतात की नाही त्याप्रमाणे, ‘मिन्यान होतो’ किंवा ‘होत नाही’ असे लिहिले होते. त्या पत्त्यांवर मी कार्डे टाकली. नागपूरचे ओवेदकाका व त्यांचे दोन मुलगे, पुण्याचे दोघे, ठाण्याचे दोघे, अहमदाबादचे एक असे आठ जण येतो म्हणाले. मी नववा.

दहाव्याबद्दल विचारायचे आहे. रोशन नावाचा एस.टी. कंडक्टर माझा गिऱ्हाईक आहे. तो सांगतो की कुरखेड्याला इसरू म्हणून एक तेलवाला आहे, त्याचा घाणा शनिवारी, म्हणजे आपल्या शब्बाथला, बंद असतो आणि तो स्वतःला तुमच्यातलाच म्हणवतो. मला शंका येते. शनिवारी तेल न विकणारे दुसरेही पुष्कळ आहेत, ते शनीमुळे. इसरू हे नावही इकडच्या गावांत सापडते, त्याने काही सिद्ध होत नाही. शिवाय हल्ली इस्राएलला जायला मिळेल म्हणून कोणीही काहीही सांगतो. आपले कोणी पूर्वी इकडच्या झाडीत आले होते का, ते कळवावे.

उत्तराची वाट बघतो. जीव लावता तसाच लावत राहा.
आपला,
एझ्रा

*

पेण,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. एझ्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. अक्षर बघून तुझा बाप डॅनियलच उठून आला असे वाटले. माझे गुडघे सोडले तर बाकी सगळे बरे आहे.

माझ्या लहानपणी म्हातारी माणसे कोणा अब्राजीची गोष्ट सांगायची. लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होऊन तो बायकोमुलीला घेऊन चांद्याकडच्या जंगलात गेला आणि परत आला नाही. खरे-खोटे देव जाणे. तू स्वतः जाऊन बघ. पण पाहुण्यासारखा जा, फौजदारासारखा नको. लहानपणी इथे आलास की वालाच्या बिरड्यातला एकेक दाणा उलटा करून बघायचास आणि मगच तोंडात घालायचास. माणसे अशी उलटी करून बघता येत नाहीत, बाळा.

थंडीत कानटोपी घाल. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी,
माझलआत्या

*

वरोरा,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

ती. माझलआत्यांस,
एझ्राचा शालोम व सा. न. वि. वि.

कुरखेड्याला जाऊन आलो. वडशाला गाडी बदलून जावे लागते. सगळे क्रमाने लिहितो, म्हणजे तुम्हाला ठरवता येईल.

इसरूभाऊ साठीच्या पुढचे, सडपातळ, धोतर नेसणारे. जवसाचे आणि मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल काढतात. शनिवारी घाणा बंद का, असे विचारले. म्हणाले, माय बंद ठेवे म्हणून मीबी ठेवतो, काऊन ते मले मालूम नाई. ज्याला कारण माहीत नाही त्याच्यावर काय विश्वास ठेवावा? आजोबा अब्राजी कोकणातून आले होते म्हणतात. तुमच्या पत्रातले नाव ऐकून मी चपापलो. पण ते नाव मी रोशनजवळ बोलून गेलो होतो, त्याने आधी सांगितले असेल. काही कागद आहे का विचारले, तर म्हणाले, होता, वाळवीनं खाल्ला. वाळवी नेमका तोच कागद कशी खाते? मला खायला भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे दिले. आपल्या प्रार्थनेनंतरच्या मलिद्यासारखे लागले, पण हा धानाचा मुलूख आहे, पोहे कोण खात नाही?

मुख्य गोष्ट पुढे आहे. त्यांच्या वडिलांचे नाव विचारले तर भैयाजी! ते तिथलेच. आडनावही आपले नाही. आणि हा मनुष्य काहीतरी मंत्र करतो. त्या दिवशी त्यांच्याकडे धान चुरायला, म्हणजे मळणीला, आलेली माणसे जेवायला बसणार होती. ताटे किती लागतील ते बघायला त्यांनी माणसे मोजली, पण एक-दोन-तीन अशी नाहीत. आधी आपल्या छातीला हात लावला आणि मग एकेकाकडे बघून एकेक शब्द पुटपुटले. दहा शब्द संपले की पुन्हा पहिल्यापासून. मलाही एका शब्दात धरले. मी विचारले हे काय, तर म्हणाले, माणसं आकड्यानं मोजाची नाई, मायनं असंच शिकवलं. पुन्हा म्हणायला लावून मी खिशातल्या कागदावर उतरवून घेतले. ऐकले तसेच देतो : ओशिया, एत, अमेका, उबारे, एत, नालाते, उरे, बनासे, अद, ओलाम.

परत येताना गाडीत मला कणकण आली. योगायोग असेल. इसरूभाऊ मोठ्या उत्साहाने वरोऱ्याला येतो म्हणत होते. एवढा उत्साह कशाला? मी कळवतो म्हणून निघालो. माझ्या मते हा माणूस आपला नव्हे. दुसरा कोणी सुचवावा.

रागावू नये. तुमचाच,
एझ्रा

*

पेण,
१० डिसेंबर २०२४

चि. एझ्रास,
आशीर्वाद. वि. वि.

अरे गाढवा! तुझे पत्र घेऊन मी तशीच आपल्या मशिदीत, सिनेगॉगमध्ये, गेले आणि प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांना ते दहा शब्द वाचून दाखवले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मग पूर्ण ओळ त्यांनी म्हणून दाखवली. होशिआ एत अम्मेखा, अठ्ठाविसाव्या स्तोत्राची शेवटची ओळ. तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांना पाळ आणि सदासर्वकाळ उचलून धर. बरोब्बर दहा शब्द आहेत. आपल्यात माणसांवर आकडा घालत नाहीत, म्हणून मिन्यानला माणसे या शब्दांनी मोजायची. तुझ्या बाबांना हे येत होते. पण तुझ्या जन्माआधीच वरोऱ्यात दहा जण जमायचे बंद झाले, मग तू कुठून ऐकणार? झाडीतल्या त्या बिचाऱ्याने अर्थ माहीत नसता ते इतकी वर्षे जपले, आणि तू त्याला मांत्रिक ठरवलेस.

बाप भैयाजी असला तर असू दे. आपल्यात जात आईकडून येते, बापाकडून नाही. त्याची आई अब्राजीची मुलगी, आजी आपलीच, म्हणजे तो आपला. हज्जान म्हणाले, याला मिन्यानमध्ये घ्यायला मुळीच हरकत नाही. आता जाऊन माफी माग. जाताना इथले वाल ने, पार्सल करते आहे.

घाईत लिहिले. मायेत कमी समजू नको.
माझलआत्या

*

वरोरा,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

ती. माझलआत्यांस,
एझ्राचा शालोम व सा. न. वि. वि.

वाल पोचले. इसरूभाऊंबद्दल माझी चूक झाली, कबूल करतो.

पण तुमच्या पत्रातले एक वाक्य डोक्यातून जात नाही. आईकडून येते, असे तुम्ही लिहिले. मग मी माझ्या आईकडे बघू लागलो. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिच्या कबरीच्या दगडावर ‘लेआ डॅनियल वाकरूळकर’ आहे, दरवर्षी ती अक्षरे मीच रंगवतो. तिच्या वडिलांचे नाव त्यावर का नाही? मामा सगळे इस्राएलला गेले, असे बाबा सांगत. मग वीस वर्षांत तिकडून एक पत्र, एक फोटो कसा नाही? बाबांच्या वहीत साऱ्या देशाचे पत्ते आहेत, आईच्या माहेरचा नाही. काल ती वही मी पानापानाने दोनदा पाहिली.

आत्या, माझी आई कोण होती? मी दुसऱ्यांना मोजायला निघालो, पण मी स्वतः दहांत बसतो का? बसत नसेन तर १९ तारखेला आम्ही नऊच उरतो आणि बाबांचा कद्दीश होत नाही.

कृपा करून लगेच लिहा.
एझ्रा

*

वरोरा,
३० डिसेंबर २०२४
(रजिस्टर पोस्टाने)

ती. माझलआत्यांस,
सा. न. वि. वि.

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. तुम्ही कधीच इतका उशीर करत नाही. तुमच्या शेजारच्या रिनाताईंना फोन केला, तर आत्या ठणठणीत आहेत, रोज अंगणात उन्हाला बसतात, असे म्हणाल्या. म्हणजे पत्र पोचले आहे आणि तुम्ही मुद्दाम लिहीत नाही. जे असेल ते सांगा. तुम्ही गप्प बसलात की मी त्याहून वाईट काहीतरी समजतो.

एझ्रा

*

पेण,
६ जानेवारी २०२५

चि. एझ्रास,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

दोनदा लिहिले, दोनदा फाडले. डॅनियलने मला शपथ घातली होती. पण तो गेला आणि तू आहेस, म्हणून सांगते.

तुझ्या आईचे नाव कमळा. वडशाची. डॅनियल तिथल्या स्टेशनवर नोकरीला होता तेव्हाची ओळख. लग्नाचे ठरले तसे तिच्या बापाने, ही पोरगी आम्हाला मेली, असे सांगून दार लावले. मामा इस्राएलला गेले ही गोष्ट डॅनियलने तुझ्यासाठी रचली. तुला कोणी दारात उभे करू नये, एवढेच त्याच्या मनात होते. तू संशयी निघशील म्हणून नव्हे, लोक संशयी असतात म्हणून. कुरखेड्याला जाताना तू वडशाला गाडी बदललीस ना? तिथेच तुझे आजोळ.

डॅनियल तिला माझ्याकडे घेऊन आला. आठ महिने ती माझ्या घरी राहून सगळे शिकली, शब्बाथ, सण, प्रार्थना. मग इथल्या खाडीत तिने तीन बुड्या घेतल्या. काठावर आपले तिघे जाणते पाठ करून उभे होते, पाण्यात मी तिचा हात धरला होता. डिसेंबर होता. दातावर दात वाजत होते तिचे, आणि मला म्हणते कशी, बाईजी, लय थंडी वाजून राह्यली, तुमच्या देवाले उन्हाळ्यात नाई का चालत? काठावरचे तिघेही हसले. बाहेर आली ती लेआ होऊन, आपली होऊन. तू त्यानंतर तीन वर्षांनी झालास.

त्या तिघांनी सही करून दिलेला कागद माझ्याच पेटीत होता. २००५ च्या पुरात इथे घराघरांत पाणी शिरले, त्यात पेटी गेली. ते तिघेही आता नाहीत. तेव्हा तुझ्यासाठी माझ्या शब्दाशिवाय काही उरलेले नाही. हज्जान म्हणतात, बुड्या झाल्या तेव्हाच झाले, कागद फक्त दाखवायला असतो. पण तू कागद मागणारा, म्हणून मला लिहायला भीती वाटली. तुझ्या वाळवीची गोष्ट वाचली तेव्हापासून माझा पूर मला आठवत होता.

पटले तर मान. नाही पटले तरी तू माझा आहेस.
माझलआत्या

*

वरोरा,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

ती. माझलआत्यांस,
एझ्राचा शालोम व शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र मी चार वेळा वाचले. पहिल्या तीन वेळा खोट शोधत होतो. तिघे जाणते मेलेले, कागद पुरात गेलेला, मागे एकच साक्षीदार आणि ती सख्खी आत्या. दुसऱ्या कोणाचे असते तर मी फेटाळले असते. चौथ्यांदा वाचताना थंडीच्या त्या वाक्याशी थांबलो. उन्हाळ्यात नाई का चालत. हे पेणच्या माणसाला रचता येणार नाही, हे आमच्याकडचेच बोलणे आहे. आईचा आवाज मला आठवत नाही. तेवढाच मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी कुरखेड्याला गेलो. वडशाला उतरल्यावर दोन गाड्या सोडल्या, स्टँडवर नुसता बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत होतो. कोणाला काही विचारले नाही. इसरूभाऊंची माफी मागितली आणि खरे सांगून टाकले, की कागद तर माझ्याजवळही नाही, पुरात गेला. ते बराच वेळ हसले. म्हणाले, तुहा पाण्यानं नेला, माहा वाळवीनं, दोघं सारखेच झालो ना बाबू. मग म्हणाले, माय मरून तीस वर्षं झाले, तवापासून मी एकटाच हे शब्द बोलून राह्यलो, समोर समजणारं कोणी भेटलं नाई, म्हणून तू आला तं मले आनंद झाला होता. त्या उत्साहाचे कारण एवढेच होते, आत्या.

रविवारी सगळे आले. इसरूभाऊ पोह्यांची पिशवी घेऊन आले, त्यांचाच मलिदा केला. प्रार्थनेआधी मी सर्वांना माझे सांगितले, कारण लपवून म्हटलेला कद्दीश बाबांना पोचला की नाही याची मला आयुष्यभर शंका राहिली असती. ओवेदकाका कडक आहेत, तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी तुमचे पत्र मागून घेतले. चष्मा लावून दोनदा वाचले. मला वाटले, आता हे टोपी काढून निघतील. त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, हात धरून पाण्यात उभी होती ना, मग झाले. पुढे इसरूभाऊंकडे वळून म्हणाले, मोजणी तुम्ही करा, आमच्यात इतक्या वर्षांची सवय कोणाला नाही.

इसरूभाऊंनी आपल्या छातीला हात लावून पहिला शब्द म्हटला. मग ओवेदकाका, त्यांचे मुलगे, पुण्याचे, ठाण्याचे, अहमदाबादचे. मी मुद्दाम दाराजवळ शेवटी उभा होतो, म्हणजे काही कमी-जास्त झाले तर माझ्यावरच यावे. मनातल्या मनात बोटांवर मोजत होतो. अद म्हणून ते माझ्या शेजाऱ्यापाशी थांबले. मग माझ्याकडे बघितले आणि ओलाम म्हणाले. शब्द संपले, माणसेही संपली.

कद्दीश म्हणताना दोनदा अडखळलो, पण पूर्ण म्हटला.

बाबांच्या वहीत वरोऱ्यापुढे ‘होत नाही’ आहे. ते त्यांचे अक्षर, खोडले नाही. खाली तारीख घालून ‘झाला’ असे लिहिले. आणि काल सकाळी आईच्या दगडावर ‘लेआ’च्या खाली ‘कमळा’ रंगवले. कोणालाही विचारले नाही.

गुडघ्यांना तेल पाठवतो, इसरूभाऊंच्या घाण्याचे आहे. शनिवार सोडून कोणत्याही दिवशी मिळते. जीव आहे तेवढा तुमच्याकडेच राहू दे.

आपला,
एझ्रा