पळू न दिल्याबद्दल

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय बाई,

नमस्कार. अठरा वर्षांनी कुणाचं पत्र आलं म्हणून आधी पान उलटून खालचं नाव बघाल, म्हणून इथेच सांगते. मी काडी. शाळेत आठशे मीटर पळायची आणि तुम्ही खेळाडूंची दुखणी बघायचात त्या खोलीत येऊन सुजेवर लावायचा बर्फ चघळत बसायची, ती.

तब्येत बरी आहे ना? आमच्याकडे सगळे ठीक. बाबा निवृत्त झाले. आईचे गुडघे कुरकुरतात. मी तिला खुर्चीतून उठबस करायला लावते आणि ती मला बोल लावते. मी आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींचा फुटबॉलचा संघ माझ्याकडे असतो.

माझ्याकडे सरावाची पहिली वीस मिनिटं चेंडू पिशवीतून बाहेर येत नाही. एका पायावर तोल धरायचा, उडी मारून अलगद उतरायचं, गुडघा आत वळू द्यायचा नाही. "मांजरासारखं उतरा, पोत्यासारखं नको," हे तुमचं वाक्य मी रोज वापरते आणि माझंच म्हणून खपवते. आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी. दुखलंखुपलं की वहीत लिहायचं. आधी वर्षाला दोन-तीन मुलींचे गुडघे जायचे, गेल्या दोन हंगामांत एकीचाही गेला नाही. शाळेने कार्यालयाबाहेर माझा फोटो लावलाय. त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालते. का, ते सांगायलाच हे पत्र आहे, पण जरा दमाने घेते.

मागच्या महिन्यात उपांत्य सामन्यात आमची भिंगरी, म्हणजे संघातली सर्वांत चपळ मुलगी, हेडर मारताना दुसरीच्या डोक्यावर आदळली. लगेच उठली, हसली, म्हणाली, "बाई, काही नाही झालं." मी विचारलं, "गोल किती झाले?" तिने बरोबर सांगितलं. मिनिटभराने तिनेच मला विचारलं, "बाई, गोल किती झाले?"

मी तिला बाहेर बसवलं. आम्ही हरलो. घरी जाताना तिला उलट्या झाल्या. डॉक्टरांनी मेंदूला मार बसल्याचं सांगून विश्रांती दिली. तरी दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. "धडधाकट पोरीला बसवलंत. उलट्या काय, उन्हाने पण होतात. तुम्ही नीट तपासलं तरी होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत मुख्याध्यापक म्हणाले, "मैदानावर बाईंचा शब्द शेवटचा. त्यांनी बसवलं म्हणजे बसवलं."

मी तिथून उठून सामानाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ रडले. तुमच्यामागे असं कुणी उभं राहिलं नव्हतं. आणि ते माझ्यामुळे.

अठरा वर्षांपूर्वी, आठशे मीटरच्या निवड चाचणीला अकरा दिवस होते. तुम्ही माझ्या नडगीवरून अंगठा फिरवत आणलात आणि एका जागी थांबलात. "इथे दुखतं?"

"नाही."

"मग श्वास का धरलास?"

मग एका पायावर उड्या मारायला लावल्यात. तिसऱ्या उडीला मी भिंत धरली. तुम्ही म्हणालात, हाडाला बारीक चीर पडत असणार, सहा आठवडे पळणं बंद. बाबांनी दवाखान्यात नेऊन एक्स-रेचा फोटो काढला. फोटो स्वच्छ आला. ते तुम्हीही सांगितलं होतंत, की सुरुवातीला फोटोत दिसत नाही. पण बाबा तो हातात नाचवत आपल्या मुख्याध्यापिकांकडे गेले, आणि त्यांनी मला विचारलं, "बाईंनी तुला तपासलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही. लांबूनच सांगितलं. हातसुद्धा लावला नाही."

बाई, तुम्ही त्या दिवशी माझ्यावर पाऊण तास घालवला होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी तुमच्या खोलीला कुलूप होतं. चाचणीला मात्र प्रशिक्षकांनी मला काही घेतलं नाही. पुढे तीन आठवड्यांनी दुसरा फोटो काढला, त्यात चीर स्पष्ट दिसली. डॉक्टर म्हणाले, पळाली असती तर हाडाचे दोन तुकडे झाले असते. बाबा गप्प बसले. मीही गप्प बसले. तो फोटो शाळेत नेऊन दाखवायला पाच मिनिटं लागली असती. मी पुढची दोन वर्षं त्याच शाळेत होते, पळतही होते.

गेल्या रविवारी तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना शोधून त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्या थकल्या आहेत, पण आठवण पक्की आहे. म्हणाल्या, "तिने स्वतःची बाजू मांडलीच नाही. नोकरी गेल्याचं पत्र घेतलं आणि विचारलं, प्रशिक्षक कुठे भेटतील. मला वाटलं भांडायला चालली. ती मैदानावर गेली आणि त्यांच्याकडून लिहूनच घेतलं, की या मुलीला सहा आठवडे पळवणार नाही. मग गेली."

इतकी वर्षं मला वाटायचं, प्रशिक्षकांचा माझ्यावर राग होता.

पत्ता त्यांनीच दिला. मी काय बोलले होते आणि खरं काय होतं, ते शाळेला सहीनिशी लिहून दिलं आहे. प्रत सोबत ठेवली आहे. त्याने तुमची नोकरी परत येणार नाही, हे कळतं मला. तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी मी समजून घेईन. दिलंत, तर समोर येऊन हेच सगळं तुमच्या तोंडावर सांगेन. कागदावर लिहिणं त्यामानाने सोपं गेलं.

भिंगरीचं खेळणं डॉक्टरांच्या परवानगीने सोमवारपासून सुरू होतंय. आधी नुसतं चालणं, मग हळू पळणं, चेंडू सगळ्यात शेवटी. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. चालेल. माझ्यावर रागवायला ती धडधाकट आहे.

तुमच्याशी खोटं वागलेली, आणि तुमच्यामुळे दोन्ही पायांवर नीट उभी असलेली,
काडी