मागच्या रांगेत ऐकू आलं का

आप्पा, आज रविवार आहे, जेवणं झालीत, बाहेर नुसतं राखाडी आहे आणि मी जेवणाच्या टेबलावरच कागद घेऊन बसलोय. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोन करायचो. माझं अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. मी नववीला नापास होऊन शाळा सोडली तेव्हा मास्तर तुम्हाला म्हणाले होते, ह्यानं लिहिलेलं वाचायला ह्यालाच बोलवावं लागतं. तुम्ही हसला होता. पण गेल्या हिवाळ्यापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय, आणि ती आपल्या माईकच्या धंद्यातली आहे. इथं ती कुणाला सांगावी कळत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी आता इंग्रजांच्या ह्या मुलखात, क्रॉयडनला, एका कॉलेजात कामाला आहे. कॉलेज म्हणजे फार मोठं काही नाही, ऑफिसांच्या इमारतीतले दोन मजले आणि खाली एक हॉल. चीनमधली मुलं तिथं येतात, आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाची, आणि इंग्रजी शिकतात. माझं काम खुर्च्या लावायच्या, खोल्या गरम करणारे रेडिएटर बघायचे, गेलेले दिवे बदलायचे, आणि साउंड. ह्याच्या आधी बेसिंगस्टोकला गोडाऊनमध्ये होतो, त्याआधी साउथहॅम्प्टनला बंदराजवळ एका हॉटेलच्या किचनमध्ये. कुठंच धड टिकलो नाही. तुमची सून इथंच जन्मलेली, तिचं मराठी तिच्यासारखंच, वाट्टेल तिथून वळतं. ती म्हणायची, "तुझा बूड एका जागी राहतच नाही, त्याला स्प्रिंग लावला आहे का?" इथं मात्र राहिलो. मुलाखतीत त्यांनी विचारलं, माईक-स्पीकरचं काही कळतं का? ह्या देशात आल्यापासून मला येणारी गोष्ट मला कुणी विचारली, ती पहिल्यांदाच.

नाताळच्या सुट्टीआधी ह्या मुलांची परीक्षा असते. तिचे दोन भाग. एक वाचायचा, पानंच्या पानं इंग्रजी, आणि खाली प्रश्न. दुसरा ऐकायचा. हॉलमध्ये सीडी लावतात, तिच्यात इंग्रज माणसं बोलतात. कुणा बाईची बॅग ट्रेनमध्ये राहिलेली असते, कुणी म्युझियम कधी उघडतं ते सांगत असतं, आणि मुलांनी ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. सीडी एकदाच वाजते. वाजत असताना कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही. दोन्ही भागांत पास झालं तर पुढच्या वर्गात जागा, नाही तर सामान बांधून चीनला परत. मधलं काही नाही.

त्यातली एक मुलगी मला ओळखायची. चष्मा, मोठा निळा कोट, कायम मागच्या रांगेत. ह्या मुलांना कॉलेजातला मोठा माणूस म्हणजे टीचर, त्यामुळं ती मलाही टीचर म्हणायची. नववी नापास माणसाला. तिला वाचायला सगळं यायचं, मला नाही. बॉयलरवरच्या सूचना मी तिच्याकडून वाचून घ्यायचो. पण बोलणारा माणूस समोर आला की ती गोठायची. संध्याकाळी आम्ही एकाच ट्रॅमनं जायचो; ट्रॅम मध्येच थांबली आणि ड्रायव्हरनं काही सांगितलं की माझ्याकडं बघायची, आणि मी सांगायचो, उतरायचंय, किंवा बसून राहा. तिला वाटायचं मला सगळं कळतं. मी बाकीची माणसं काय करतात ते बघून सांगायचो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तुमच्या पद्धतीनं आवाज तपासला. तुम्हाला तो दिवस आठवतो का, हायस्कूलच्या बक्षीस समारंभाचा? मी मागचा कर्णा खांबाला बांधला, उभ्याउभ्या ऐकलं आणि तुम्हाला लांबूनच हात केला की येतोय आवाज. तुम्ही तिथून तार सोडून आलात, माझ्या दंडाला धरून मला मागच्या सतरंजीवर बसवलंत. शेजारी एक म्हातारे बसले होते, प्रत्येक वाक्याला मान हलवत. तुम्ही त्यांना विचारलं, "बाबा, पाहुणे काय म्हणाले?" ते म्हणाले, "लई छान बोलले." "काय बोलले?" "ते काय कळलं नाही बुवा, पण छान." आजूबाजूची माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. मला म्हणालात, माणसं माना हलवतात म्हणजे त्यांना ऐकू येतं असं समजायचं नाही. आणि पुढं, आरती लावून आवाज तपासायचा नाही, आरती सगळ्यांना पाठ असते, ती फाटक्या कर्ण्यातूनही ऐकू येते. कुणाला तरी अनोळखी नावं वाचायला सांगायची. ती मागं बसून कळली, तर आवाज आहे. त्या दिवशी लोकांसमोर दंड धरला म्हणून मला फार राग आला होता. आता त्या हॉलमध्ये मी नेमका तसाच मागच्या खुर्चीवर जाऊन बसतो, आणि सकाळी बसलो तेव्हा आवाज स्वच्छ होता. पुढं दोन स्पीकरचे बॉक्स, मागच्या भिंतीवर दोन. चारही चालू.

मग मुलं आली. कोट, मफलर, ओले बूट, आणि बाहेरच्या थंडीमुळं रेडिएटर पूर्ण उघडलेले. मी मागच्या दाराबाहेर उभा. दाराला काच आहे. सीडी सुरू झाली आणि पहिलं बोलणं मलाही बाहेरून बरंचसं कळलं, बॅग, प्लॅटफॉर्म, निळा रंग. दुसऱ्या बोलण्याच्या मध्यावर मला कळेनासं झालं. नुसता घोगरा आवाज, लांबच्या घरात कुणी भांडत असल्यासारखा. आणि आप्पा, इथं माझी फसगत झाली. आपल्या गावात असतो तर मी एका क्षणात म्हणालो असतो, मागचे बॉक्स गेले. इथं मला आधी वाटलं, माझं इंग्रजी संपलं. पुढं अवघड भाग असेल, तो मुलांसाठी असेल, माझ्यासाठी नसेल. मग बोलणारी माणसं मध्ये थांबली, मुलांना लिहायला वेळ द्यायला, आणि त्या शांततेत मी दाराच्या फटीला कान लावला. चालू स्पीकर गप्प असला तरी बारीक सूं करतो, ते मला दात आले नव्हते तेव्हापासून तुम्ही ऐकवलंय. मागून सूं येत नव्हतं. त्याला इंग्रजी लागत नाही.

काचेतून मी मागची रांग बघत होतो. एकानंही हात वर केला नाही. कुणी वर भिंतीकडंसुद्धा बघितलं नाही. सगळ्यांच्या माना खाली जात होत्या, हळूहळू, आणि ती निळ्या कोटवाली पेन्सिल धरून कागदाकडं असं बघत होती की जणू चूक त्या कागदात आहे, किंवा तिच्यात. पुढं टेबलाशी परीक्षेच्या बाई शांत बसलेल्या, त्यांच्या डोक्यावरचा स्पीकर छान चालू. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. सीडी एकदाच वाजते. मी आत जाऊन थांबवली असती तर पुढच्या रांगांचीही परीक्षा मोडली असती, आणि कशावरून, तर सूं येत नाही ह्यावरून. हात तिथंच राहिला आणि सीडी संपली.

दार उघडलं तसा मी बाईंकडं गेलो, आणि बाई मला घेऊन प्रिन्सिपॉलकडं. माणूस चांगला आहे, मला कधी तोडून बोलला नाही. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, उठले, आणि मुलांना विचारायला स्वतः वर्गात आले. "मागं बसलेल्यांना नीट ऐकू आलं ना?" सगळी मुलं एका आवाजात म्हणाली, "येस, टीचर." ती पण म्हणाली. मी दारात उभा होतो, मला तिचे ओठ दिसले. प्रिन्सिपॉल माझ्याकडं वळून बघत होते, रागानं नाही, समजूत काढल्यासारखे. दुपारी मी हट्टानं त्यांना हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसवलं आणि सीडी लावली. तोवर हॉल गार झाला होता. चारही बॉक्स ठणठणीत वाजले. "मला तर सगळं ऐकू येतंय," ते म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला इंग्रजी येतं, सर." त्यांना तो विनोद वाटला. ते हसले, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेले.

संध्याकाळी ट्रॅमच्या स्टॉपवर ती उभी होती. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही तुटकं, इथं सरळ करून लिहितो. मी म्हटलं, "का नाही सांगितलंस?"

"माझं लिसनिंग आधीपासून खराब आहे, टीचर."

"आज स्पीकर खराब होता."

"मला गेल्या आठवड्यात पण असंच ऐकू आलं. ट्रॅममध्ये पण असंच ऐकू येतं. ट्रॅमचा स्पीकर पण खराब आहे?"

मी म्हटलं, "तू एकटीनं जरी सांगितलंस, तरी ते परत परीक्षा घेतील. माझ्याबरोबर चल, आत्ता."

ती म्हणाली, "परत घेतली, आणि स्पीकर चांगला असला, आणि तरी मला नाही कळलं, तर?"

ट्रॅम आली आणि ती चढली. नंतर निकाल लागला. वाचायच्या भागात ती सगळ्यांत वर होती, ऐकायच्या भागात नापास. मागच्या रांगेतली बाकीचीही तशीच, बहुतेक. मी पुन्हा प्रिन्सिपॉलकडं गेलो, तर ते म्हणाले, ज्यांना कमी येतं तीच मुलं मागं बसतात, हे दरवर्षीचं आहे. तेही खोटं नाही. नाताळच्या आधी ती गेली. जाताना सगळ्या स्टाफसाठी चहाचा डबा ठेवून गेली, चिठ्ठीत बाकीच्यांसारखंच माझ्यासाठीही थँक्यू टीचर.

सुट्टीत मी मागचे दोन्ही बॉक्स उतरवले. तुम्ही निघताना दिलेली सोल्डरिंगची दांडी अजून आहे माझ्याकडं, तिला इथली पिन लावून घेतलीय. आतल्या तारेचा एक सांधा जरा कोरडा वाटला, हॉल तापला की सुटेल आणि गार झाला की परत चिकटेल असा. वाटला म्हणतोय. खात्री देता येत नाही. सगळेच सांधे परत लावले. त्यानंतर ते बॉक्स एकदाही बंद पडले नाहीत, आणि म्हणून मला कधीच कळणार नाही. कधी कधी मनात येतं की बॉक्स चालूच होते, माझेच कान गेले असतील. तुमचे गेले तसे.

कारण तुमचे गेले होते, हो ना आप्पा? आयुष्यभर कर्ण्याखाली उभं राहिलात. शेवटी शेवटी जेवताना आई काही म्हणाली की तुम्ही "बरं, बरं" म्हणायचात आणि ती डोक्याला हात लावायची, कारण तिनं मीठ मागितलेलं असायचं. आम्ही चेष्टा करायचो. मी इथून फोन करायचो, नोकरी लागली म्हटलं तरी "बरं, बरं", नोकरी सोडली म्हटलं तरी "बरं, बरं". मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय आणि मोजकं बोलताय. आणि माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा मी आपल्या दुकानात तुमच्याजवळ येऊन बसलो होतो. पुढं कुणाचा तरी ॲम्प्लिफायर उघडून तुम्ही वाकला होता. मी म्हटलं, मुलगी तिकडची आहे, तिकडंच राहावं लागेल, परत येणं कधी होईल सांगता येत नाही, मी जाऊ का? तुम्ही मान न उचलता म्हणालात, "हो, चालेल." मी किती वर्षं त्या दोन शब्दांवर उभा आहे. आई रडली, बहीण बोलेना झाली, मी सगळ्यांना सांगितलं, आप्पांनी हो म्हटलंय. त्या निळ्या कोटवालीचे ओठ 'येस, टीचर' म्हणताना बघितले आणि पहिल्यांदा वाटलं, तुम्हाला तरी ऐकू आलं होतं का? की तुम्हालाही वाटलं, पोरगं एवढं गंभीरपणे बोलतंय, तर परत काय विचारायचं, हो म्हणावं? परत विचारलं असतंत तर मी परत सांगितलं असतं, आप्पा. कदाचित दुसऱ्यांदा सांगताना मलाच ते नीट ऐकू आलं असतं.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, तो प्रश्नच नाही. पण लिहायला बसलो त्याचं खरं कारण अजून लिहिलेलं नाही, ते लिहितो. आज सकाळी चहा पिताना तुमची सून माझा हात धरून काहीतरी बोलली. मनातलं बोलायचं असलं की ती मराठी सोडते. भरभर, लांबलचक, मध्येच डोळ्यांत पाणी, आणि शेवटी विचारलं, "ओके?" मी म्हटलं, "ओके." तेव्हापासून ती वेगळीच दिसतेय. तिच्या आईशी दार लावून फोनवर बोलली, जेवताना मला दोनदा वाढलं. मी काहीतरी मोठं कबूल केलंय, आणि मला त्यातला एक शब्द कळला नव्हता. लग्न झाल्यापासून असं कितीदा झालंय, ते तिला माहीत नाही. ती आत भांडी लावतेय. कागद इथंच ठेवतो, आणि तिला जाऊन सांगतो की परत बोल, हळू बोल, मला कळलं नाही.