मडक्यावरचा हात

प्रिय करिष्मा,

सगळ्यात आधी आला तो धुळाजी. सांगोल्याकडचा म्हातारा, डोक्यावर तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. एसटीतून उतरला अन् पारावर विचारलं, चंद्रभागाबाईचं घर कोणतं. झालं, अर्ध्या तासात आळीभर बोभाटा, म्हातारीच्या नातीला बघायला आलेत, पोराचा आजा पुढं आलाय. शेजारच्या म्हाळूची बायको तर पोह्याचं ताट झाकून घेऊनच आली. मी म्हणलं, अगं बाई, पोरगी तिकडं पुण्याला नर्सिंग शिकती अन् हा माणूस ज्वारीचं बी बघाय आलाय. तिचं तोंड असं उतरलं की मला दिवसभर हसू येत होतं. पोहे मात्र धुळाजीनं सगळे संपवले.

फोन कावून केला न्हाई म्हणशील. फोनवर तू हं हं करतीस अन् ठेवतीस. मला बोलताना मधीच अडतं, अन् अडलं की तू फोन ठेवलेलाच असतो. कागद काही मधीच ठेवता येत न्हाई. चौथीपर्यंत शिकले त्याला साठ वर्षं झाली, जोडाक्षरं चुकली तर हसू नको. चार दिवस झाले लिहितीय, शेळीनं एक पान खाल्लं ते वेगळंच.

दुपारी जीप आली. बीडची सायली म्हणून एक पोरगी हाय, तिनं ही सगळी माणसं जोडलीत. यवतमाळकडच्या वत्सलाबाई आल्या, आणखी चौघं-पाचजण निरनिराळ्या जिल्ह्यांतले, नावं माझ्या ध्यानात न्हाईत. आपल्या घरात इतक्या चपला मी तुझ्या बारशानंतर पहिल्यांदा बघितली. भाकरी, येसराची आमटी, ठेचा केला. धुळाजीनं चार वाट्या आमटी पिली अन् म्हणला आमच्याकडं असं न्हाई. मला लई बरं वाटलं, पोरी. कुणी जेवून उठतंय अन् मी परातीपाशी बसलेय, किती दिवसांनी.

त्यांचं काम असं हाय. एका गावचं जुनं बी दुसऱ्या दोन जिल्ह्यांत जपायला द्यायचं. मागं दुष्काळात धुळाजीच्या गावची ज्वारी पार बुडाली, खायलाच पुरली न्हाई तर बी कुठलं ऱ्हातं. ते बी वत्सलाबाईच्या गावात जपलेलं होतं, तिथून परत गेलं. आता त्यांच्या गावची पोरं शाळेत त्याच ज्वारीची भाकरी खातात. बीडच्या वसतिगृहातसुदिक आपल्याच भागाची ज्वारी जावी म्हणून सायली खटपट करतीय. लांबलांबची माणसं, एकमेकांची भाषा नीट कळत न्हाई, पण एकमेकांच्या बियाच्या मडक्याची काळजी करतात. मी ऐकतच बसले.

तर त्यांना आपली दगडी ज्वारी पाहिजे होती. चार गावं हिंडले म्हणे, कुणाकडं न्हाई, सगळ्यांनी केव्हाच दुकानातलं बी धरलंय. जो तो म्हणला, चंद्रभागाबाईच्या घरी असंल. अन् मी काय सांगितलं? मी सांगितलं, न्हाई माझ्याकडं. बसले होते कुठं ठाऊक हाय? त्याच ज्वारीच्या मडक्यापासून दोन हातावर.

वत्सलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला होता तेव्हाच तिला कळलं असणार, आमच्या रानात आता दगडी पिकत न्हाई. दुकानातल्या बियाच्या ज्वारीची भाकरी, कडंला चिरलेली. पण जेवण झाल्यावर हात धुवायला उठली तर कोपऱ्यातल्या उतरंडीपाशी थांबली. खाली वाकून बघत ऱ्हायली. मग मला म्हणली, आज्जी, हा हात कुणाचा?

तुला आठवत असंल आपल्या घरची रीत. बियाला राख लावायची, लिंबाचा पाला घालायचा, शेणमातीनं मडक्याचं तोंड लिंपायचं अन् ओल्या मातीवर जिनं लिंपलं तिनं हात उमटवायचा. पेरणीला मडकं फोडायचं तेही तिनंच, अन् ती नसंल तर तिच्या लेकीनं. माझ्या सासूनं मला तेच सांगितलं, मी तुझ्या आईला सांगितलं. त्या सालच्या शिमग्याला तुझ्या आईनं, सोजरनं लिंपलं. तू तिच्या मागं बसून पाला खुडत होतीस. मग पाऊस दडी मारून बसला, पेरणीच झाली न्हाई, मडकं तसंच ऱ्हायलं, अन् दसऱ्यानंतर तुझी आई अन् बाप ऊसतोडीला गेले. बाप एकटा परत आला.

तिची करंगळी कोयत्यानं अर्धी गेलती ना, ती मडक्यावरसुदिक अर्धीच हाय. मी रोज सकाळी भोवतालची धूळ पुसते, फडकं त्या हाताला लागू देत न्हाई. उन्हाळ्यात माती तडकली तर बाजूनं ओल्या मातीचं बोट फिरवलं. पावसात गळायला लागलं तर माझं अंथरूण तिथून हलवलं न्हाई, मडकं हलवलं. दोन साल तुझ्या बापाला सांगितलं, बी किडलं, दुकानातलं आण. त्यानं खोदून विचारलं न्हाई. तो हल्ली काहीच विचारत न्हाई, माजलगावच्या बाजूला ट्रॅक्टरवर असतो, आठवड्याला येतो.

वत्सलाबाईला सगळं सांगितलं. तिनं मडक्याला हात लावला न्हाई, जवळ नेला अन् माघारी घेतला. मग म्हणली, "आज्जी, तिनं हे पेरायसाठी ठेवलं होतं." एवढंच. धुळाजी म्हणला, राखेतलं बी तीन साल, फार तर चार साल जगतं. यंदाची पेरणी हुकली तर आत भुसा उरंल. हे लिंपून साडेतीन साल झाली पोरी. मी हिशोब केलाच नव्हता. मला वाटलं मी तिला जपतीय.

मी त्यांना म्हणलं, फोडायचा हक्क माझा न्हाई. तिची लेक हाय.

आता जे लिहायचं म्हणून चार दिवस कागद पुढं घेतला ते लिहिते. ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघाला तेव्हा तू आईचा पदर धरला होतास अन् तुझी मूठ मी सोडवली, ते तुला ठाऊक हाय, म्हणूनच तू येत न्हाईस. पण आदल्या दिवशी चुलीपाशी ती मला म्हणली होती, आई, मला आठ दिवसांपासून बारीक ताप हाय, औंदा ऱ्हाऊ द्या मला. मी म्हणलं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्याला कोण ठेवतंय, ताप काय, उतरंल. तिनं तुझ्या बापाला, अजिनाथला सांगितलं न्हाई अन् मीही न्हाई. ते आजपर्यंत मी अन् चूल दोघींनाच ठाऊक होतं. तू तापाचंच शिकायला गेलीस, कावून गेलीस ते मी कधी विचारलं न्हाई. माझ्याशी बोलू नको, माझ्या हातचं खाऊ नको, उभ्या उभ्या ये. पण मडकं तुझ्या हातानं फोड. तिचा हात मोडंल, ठाऊक हाय. मी बाहेर जाऊन बसते, मला बघवणार न्हाई. आतलं बी निम्मं त्यांना दे, निम्मं आपल्या रानात पेरू, अन् पुढच्या शिमग्याला नव्या मडक्यावर कुणाचा हात उमटवायचा ते तू ठरव. मंडळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीनं बी न्यायला परत येतो म्हणून सांगून गेलीत.

तुझीच आज्जी,
सोजरची सासू